पडद्यावरचे ग्रंथालय आणि वाडीवरचे मूल

१

प्राथमिक शाळेत डिजिटल ग्रंथालय आले की शिक्षणातील विषमता कमी होईल, हे विधान शासकीय परिपत्रकांपासून शिक्षक परिषदांच्या व्यासपीठांपर्यंत आता इतक्या सहजपणे केले जाते की ते तपासून पाहण्याची गरज कुणाला वाटेनाशी झाली आहे. शाळेत पुस्तकांचा तुटवडा आहे, दुर्गम वाडीवर पुस्तके पोचत नाहीत, आणि आता हजारो पुस्तके हातात मावणाऱ्या यंत्रात बसतात. तेव्हा प्रश्न सुटला, असा हा युक्तिवाद आहे. वरवर पाहता त्यात खोडून काढण्यासारखे काही नाही. परंतु ज्यांच्या पूर्वजांना शतकानुशतके अक्षराच्या उंबरठ्याबाहेर उभे केले गेले, त्यांना 'पुस्तके किती' एवढ्या प्रश्नावर थांबता येणार नाही. पुस्तके कोणती, ती कुणी निवडली, ती कोणाच्या भाषेत बोलतात आणि त्यांत आपण आहोत काय, हे त्यांना विचारावेच लागेल.

आपल्या समीक्षेने हा प्रांत शिक्षणशास्त्राचा म्हणून सोडून दिला आहे. कादंबरी, आत्मकथन, कविता यांच्या मूल्यमापनात आपण गुंतलो. पण सहा वर्षांचे मूल जे पहिले चित्र आणि पहिली ओळ पाहते तेही साहित्यच असते, आणि त्या मुलाच्या मनावर त्याचा होणारा संस्कार कोणत्याही कादंबरीहून खोल असतो, याकडे आपले लक्ष गेले नाही. म्हणून प्राथमिक शाळेतील या नव्या ग्रंथालयाकडे एक सांस्कृतिक वस्तू म्हणून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

या विवेचनासाठी मी रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके समोर ठेवले आहेत. याच भागात मी महाविद्यालयात शिकवतो, आणि माझ्या वर्गातील पुष्कळ मुले माझ्यासारखीच आपापल्या घरातील पहिली पदवीधर होऊ पाहणारी आहेत. हे तालुके नकाशावर दुर्गम नाहीत. कर्जतपर्यंत मुंबईची लोकल येते, खालापुरातून द्रुतगती महामार्ग जातो, माळांवर शहरातील धनिकांची फार्महाउसे उभी आहेत. परंतु डांबरी रस्ता सोडून डोंगर चढू लागले की ठाकरांच्या आणि कातकऱ्यांच्या वाड्या लागतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी दरडीखाली गेली तेव्हा वर अवजड यंत्रे नेता आली नाहीत, कारण वाडीला रस्ता नव्हता. कातकरी ही तर कोलाम आणि माडिया गोंड यांच्यासह राज्यातील विशेष असुरक्षित गणल्या गेलेल्या तीन आदिवासी जमातींपैकी एक. डिजिटल ग्रंथालय विषमता मिटवते हे म्हणणे खरे असेल, तर ते या वाड्यांवर खरे ठरले पाहिजे.

२

टीकेपूर्वी या साधनाचे श्रेय मान्य केले पाहिजे, कारण ते आपल्या चळवळीने स्वतः अनुभवले आहे. बाबासाहेबांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून, प्रारंभी वसंत मून यांच्या संपादनाखाली, प्रसिद्ध केले. पुढे कित्येक खंड बाजारात मिळेनासे झाले. छपाई इतकी रखडली की डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या गोष्टीची स्वतःहून दखल घेतली. या काळात तेच खंड शासकीय संकेतस्थळांवरून विनामूल्य उतरवून घेता येत होते, आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या मोबाइलमध्ये ते पोचले. माझ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी 'जातिसंस्थेचे उच्चाटन' प्रथम वाचले ते पाच-सहा इंची पडद्यावर. छापखाना थांबला तरी विचार थांबला नाही, ही सामान्य गोष्ट नव्हे. डिजिटल ग्रंथालयाला सरसकट नकार देणारा माणूस हे विसरतो.

लहान मुलांसाठीही आज पुष्कळ काही उपलब्ध आहे. १९६७ साली स्थापन झालेल्या बालभारतीची पाठ्यपुस्तके ई-बालभारतीवरून विनामूल्य मिळतात. केंद्र शासनाचे 'दीक्षा' हे व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाले. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड मोबाइलने टिपला की त्या धड्याशी निगडित चित्रफिती आणि प्रश्न उघडतात. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर'वर चित्रकथा आहेत, वाचनाच्या चार पायऱ्यांनुसार लावलेल्या. त्या कुणीही उतरवून घ्याव्या, छापाव्या, आपल्या भाषेत आणाव्या, अशी मुक्त परवानगी आहे. आयआयटी खरगपूरने उभारलेले 'भारतीय राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय' २०१८ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले. मुलांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयाची घोषणा २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली, आणि नॅशनल बुक ट्रस्टच्या 'राष्ट्रीय ई-पुस्तकालया'च्या रूपाने ते आकाराला आले. मराठी विश्वकोशही आज पडद्यावर वाचता येतो. ज्या पिढीच्या घरात पंचांगाखेरीज छापील कागद नव्हता त्या पिढीला ही संपत्ती अपार वाटावी.

आता ही संपत्ती वाडीवरच्या शाळेत कशी पोचते ते पाहू.

३

दोन शिक्षकी शाळा. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसरीत तिसरी-चौथी. लोकसहभागातून किंवा एखाद्या कंपनीच्या देणगीतून आलेला दूरदर्शन संच भिंतीवर आहे. तो नसेल तर शिक्षकाचा स्वतःचा मोबाइल. शिक्षक धड्याचा कोड टिपतात, चित्रफीत सुरू होते, मुले पाहतात, मागून म्हणतात. ती संपली की शिक्षक दुसऱ्या खोलीत जातात. यात शिक्षकाचा दोष काढण्याचे कारण नाही. माहिती भरणे, सर्वेक्षणे, निवडणुकीची कामे, पोषण आहाराचा हिशेब हे सारे सांभाळून दोन-दोन वर्ग शिकवणाऱ्या माणसाला ही चित्रफीत म्हणजे श्वास घ्यायला मिळालेली उसंत असते.

पण याला ग्रंथालय म्हणायचे काय? पाठ्यपुस्तक आणि ग्रंथालय यांत मूलभूत भेद आहे. पाठ्यपुस्तकात काय वाचायचे ते दुसऱ्याने ठरवलेले असते. ग्रंथालयात वाचणाऱ्याने ते स्वतः ठरवायचे असते. तो एक पुस्तक उचलतो, चाळतो, कंटाळून परत ठेवतो, दुसरे घेतो, एखादे घरी नेतो, लहान भावाला दाखवतो, उशिरा परत करतो. या सगळ्या क्रियांतून वाचक घडतो. शिक्षण हक्क कायद्यालाही हा भेद ठाऊक आहे. २००९ च्या या कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला वर्तमानपत्रे, मासिके आणि सर्व विषयांची, गोष्टींच्या पुस्तकांसह, पुस्तके असलेले ग्रंथालय असावे असे म्हटले आहे. गोष्टींच्या पुस्तकांचा तेथे मुद्दाम उल्लेख आहे. वाड्यांवरच्या शाळांत ही पुस्तके बहुधा कपाटात असतात आणि कपाटाला कुलूप असते. फाटली, हरवली तर हिशेब कुणी द्यायचा, ही शिक्षकाची रास्त भीती.

डिजिटल ग्रंथालयाने हे कुलूप निघायला हवे होते, कारण पडद्यावरचे पुस्तक फाटत नाही. प्रत्यक्षात झाले ते वेगळेच. मुलाचा हात ज्याला लागू द्यायचा नाही अशी आणखी एक वस्तू शाळेत आली. संच महाग, मोबाइल शिक्षकाचा. मूल बाकावर बसून पाहते. आणि जे पाहते ते इयत्ता, विषय आणि धडा या चौकटीत बसवलेले त्याच पाठ्यपुस्तकाचे पुन्हा एकदा केलेले कथन असते. यातून धडा समजायला मदत होत असेल. मी ते नाकारत नाही. पण वाचक घडत नाही.

'दीक्षा' या शब्दाला आपल्या समाजात १४ ऑक्टोबर १९५६ पासून एक निश्चित अर्थ आहे. विचार करून, स्वतःहून केलेला स्वीकार असा तो अर्थ. नागपूरला लाखो निरक्षर माणसांनी हा स्वीकार केला. त्यांनी निवड केली. शासनाच्या व्यासपीठाला हेच नाव आहे म्हणून त्याच अर्थाने त्याची परीक्षा घ्यायला हरकत नसावी. तेथे मुलाला निवडीला वाव किती? वाडीवरच्या शाळेतील आजच्या वापरात तो जवळजवळ नाही.

४

निवडीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी जे दाखवले जाते त्याचा प्रश्न उरतोच. मी एका शाळेत भाज्यांचा पाठ पाहिला. पडद्यावर कोबी आली, फ्लॉवर आला, गाजर आले, सिमला मिरची आली. मुलांनी नावे पाठ म्हटली. जून महिना होता. त्याच आठवड्यात त्या वर्गातील मुलींच्या आया पहाटे रानात जाऊन शेवळे खुडून कर्जतच्या बाजारात बसत होत्या. शेवळे, टाकळा, कुर्डू, भारंगी, कुड्याची फुले, कवळा: कोणती भाजी पहिल्या पावसाला येते, कोणती घशाला खाजते आणि ती काकडाच्या फळांनी कशी मारायची, हे त्या आठ वर्षांच्या मुलींना मुखोद्गत होते. पाठात त्या ज्ञानाला जागा नव्हती. मुली गप्प बसल्या होत्या, आणि गप्प बसलेल्या मुलीची नोंद 'प्रतिसाद कमी' अशी होते.

पडद्यावरच्या प्रतिमांविषयी एवढे म्हणता येईल की त्यांतील घर बहुधा पक्के असते, बाबा कार्यालयातून येतात, आजी देवघरात असते आणि सुट्टीत मूल मामाच्या गावाला जाते. आदिवासी दाखवायचा झाला तर पानाच्या कडेला वारली चित्रांची नक्षी येते. ठाकर असो, कातकरी असो, कोलाम असो, सर्वांसाठी वारलीच. म्हणजे आदिवासी येतो तो अलंकरण म्हणून. बौद्धवाड्यातले घर, त्यातील भिंतीवरचे बुद्धाचे आणि बाबासाहेबांचे चित्र, चौदा एप्रिलची तयारी हे मुलांच्या गोष्टीत सहसा येत नाही. आले तर महापुरुषाच्या चरित्राच्या पाठात, वेगळे काढून. कर्जतच्या परिसरात २००५ पासून एक मोठा चित्रपट स्टुडिओ आहे. इथले डोंगर आणि धबधबे पडद्यावर असंख्य वेळा येऊन गेले. त्या डोंगरात राहणाऱ्या माणसांची भाषा मात्र त्यांतून कधी ऐकू आली नाही. प्राथमिक शाळेचा पडदाही त्याच वळणाने चालला आहे.

भाषा हाच या प्रश्नाचा गाभा आहे. कातकऱ्यांची बोली आणि ठाकरांची बोली ही शाळेच्या मराठीपासून दूर आहेत. शिक्षण हक्क कायदाच सांगतो की शक्य तेथवर शिक्षणाचे माध्यम मुलाची मातृभाषा असावी. या संदर्भात सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे उदाहरण मुद्दाम पाहण्यासारखे आहे. तेथील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाला. पुरस्काराच्या वेळी प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार, मुलींची भाषा पुस्तकाच्या भाषेहून वेगळी, म्हणजे कन्नड, असल्याचे पाहून त्यांनी स्वतः ती भाषा शिकून घेतली, पुस्तके मुलांच्या भाषेत आणली आणि त्यांना क्यूआर कोड जोडले. म्हणजे तेथे मातृभाषा आणि कोड एकत्र आले होते. पुढे राज्यभरातील पाठ्यपुस्तकांत कोड आले. मातृभाषा मात्र मागे राहिली. यंत्राचा स्वीकार सोपा असतो, कारण त्याने सत्तेच्या रचनेला धक्का लागत नाही. शिक्षकाने मुलाची भाषा शिकायची, ही गोष्ट स्वीकारायची तर शिकवणारा वर आणि शिकणारा खाली ही रचनाच हलते. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, मुलांत मिसळणारे असावेत, असे मांडले होते. त्यामागचे कारण आजही तितकेच लागू आहे.

५

या ग्रंथालयाची खरी परीक्षा २०२० साली झाली. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' ही घोषणा झाली. दीक्षावरील अभ्यासमाला रोज मोबाइलवर येऊ लागली. ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि जिल्ह्यातील अनेक गावे दिवसेंदिवस अंधारात राहिली. जुलैत सह्याद्री वाहिनीवर 'टिली मिली' ही पाठमालिका सुरू झाली; ज्यांच्याकडे साधा दूरदर्शन संच होता त्यांना तिचा उपयोगही झाला. पण ज्या झोपडीत संच नाही, ज्या घरात एकच मोबाइल आणि तोही कामावर जाणाऱ्या बापाच्या खिशात, तेथील मुलाचे ते वर्ष कोरे गेले. पुढे शाळा उघडल्या तेव्हा तिसरीत बसलेल्या अनेक मुलांना पहिलीची अक्षरे ओळखता येत नव्हती. वाड्यांवर काम करणाऱ्या शिक्षकांना हे सांगायला नको.

विजेविषयी एक गोष्ट या तालुक्यांच्या संदर्भात नोंदवली पाहिजे. खालापूर तालुक्यातील खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ पासून आणि कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे १९२२ पासून मुंबईला वीज पुरवत आले. शंभर वर्षांहून अधिक काळ येथल्या डोंगरावरून पडणाऱ्या पाण्याने मुंबईच्या गिरण्या चालल्या, दिवे लागले. आणि त्याच डोंगरातल्या शाळेचा पडदा वीज गेली, किंवा बिल कुणी भरायचे हे ठरले नाही, म्हणून काळा राहतो. डिजिटल ग्रंथालय विषमता मिटवते असे म्हणणाऱ्यांनी ते कोणत्या विषमतेवर उभे केले जात आहे हेही पाहावे.

याहून कठीण प्रश्न स्थलांतराचा आहे. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामावर जातात. मालकाची उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत परतायचे नाही. मूल बरोबर जाते. शाळेच्या हजेरीपटावर त्याचे नाव राहते आणि ते भट्टीवर विटा उलटत असते. या मुलाच्या दृष्टीने शाळेच्या भिंतीवरचा पडदा आणि शाळेच्या कपाटातले पुस्तक सारखेच निरुपयोगी. शाळा मुलाकडे गेली पाहिजे, हा विचार आपल्याकडे नवा नाही. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणशाळा काढल्या. पुढे ठाणे जिल्ह्यात विधायक संसदेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या. त्या काळी पुस्तकांची पेटी डोक्यावर न्यावी लागे. आज ती खिशात मावते, आणि एकदा पुस्तके उतरवून ठेवली की भट्टीवर रेंज असो-नसो ती वाचता, ऐकता येतात. डिजिटल ग्रंथालयाचे खरे सामर्थ्य येथे आहे. नेमके येथेच ते वापरले जात नाही.

६

येथे एक आक्षेप येईल, आणि तो आपल्याच माणसांकडून येईल. कातकरी मुलाला कातकरी बोलीत, ठाकर मुलाला ठाकरी बोलीत गोष्टी दिल्या तर ती मुले तेथेच राहणार नाहीत काय? सावित्रीबाईंनी इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला, बाबासाहेबांनी समाजाला उच्च शिक्षणाकडे नेले. आणि आपण मुलांना पुन्हा बोलीकडे, रानभाजीकडे न्यायचे? वरच्या वर्गातील मुले इंग्रजी शाळेत जातील आणि आपली मुले लोककथा ऐकत बसतील. हा आक्षेप हलक्याने घेण्याजोगा नाही. आदिवासींची 'संस्कृती जपण्या'च्या नावाखाली त्यांना मागे ठेवण्याचे प्रयत्न झालेले आहेत, आणि त्यांत सहृदय म्हणवणारी माणसे पुढे होती.

माझे उत्तर असे आहे. प्रमाण मराठी आणि पुढे इंग्रजी या मुलांना आलीच पाहिजे, आणि ती चांगली आली पाहिजे. प्रश्न तेथे कसे पोचायचे याचा आहे. जे मूल पहिलीत एक शब्दही न समजता सहा महिने बसून राहते, ते सातव्या महिन्यात उठून जाते. त्याला इंग्रजीपर्यंत पोचण्याची संधीच उरत नाही. बोलीतील गोष्ट ही त्याला वर्गात थांबवून ठेवणारी पहिली पायरी आहे. त्याच गोष्टीची मराठी बाजूला ठेवली, मग इंग्रजी ठेवली, की मूल स्वतःच्या शब्दावरून दुसऱ्याच्या शब्दावर पाऊल टाकते. पडद्यावर एकच चित्र तीन भाषांत दाखवणे ही काही खर्चिक गोष्ट नाही. छापील पुस्तकात ती खर्चिक होती. ओडिशात मुंडा, सौरा, कुई, जुआंग या भाषांत मुलांची पुस्तके निघाली, गोंडीत निघाली. कातकरीत आणि ठाकरीत निघू शकत नाहीत असे मानायला आधार काय?

दुसरी गोष्ट आपल्या साहित्याच्या इतिहासाची आहे. १९६३ मध्ये बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला, १९७८ मध्ये दया पवारांचे 'बलुतं', १९८० मध्ये लक्ष्मण माने यांचे 'उपरा'. या लेखनाने वस्तीतील, पालावरील भाषा छापील पानावर आणली तेव्हा ही भाषा साहित्याची नव्हे असे सांगणारे होते. आपण ते मानले नाही. त्या भाषेत लिहिले म्हणून आपले लेखक प्रमाण मराठीला वंचित झाले नाहीत. उलट मराठीच विस्तारली. जे आपण प्रौढ साहित्यासाठी मिळवले ते सहा वर्षांच्या मुलासाठी नाकारायचे, ही विसंगती आपल्याला परवडणारी नाही.

आणि यातला एक धोका स्पष्टपणे मांडतो. २०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळांतील मुले दुसऱ्या शाळांत पाठवून त्या बंद करण्याचा निर्णय राज्यात झाला. २०२३ मध्ये समूह शाळांची कल्पना पुढे आली. मोठ्या शाळेत संगणक, ग्रंथालय यांसारख्या सोयी देता येतील, हे त्यामागचे एक समर्थन होते. म्हणजे ज्या साधनाने वाडीवरची लहान शाळा समृद्ध करता आली असती, त्याच साधनाच्या नावाने ती बंद करण्याचा युक्तिवाद उभा राहतो. पाच-सात किलोमीटरवरच्या शाळेत पडदा कितीही मोठा असो, पावसाळ्यात ओढा ओलांडून पहिलीची मुलगी तेथे जाणार नाही. डिजिटल ग्रंथालयाचे स्वागत करताना ते वाडीवरच्या शाळेत आणि शिक्षकाच्या जोडीला हवे, त्यांच्या बदली नको, ही अट कार्यकर्त्यांनी प्रत्येक निवेदनात घातली पाहिजे.

७

ग्रंथालयातून घेता येते तसे त्यात काही ठेवताही आले पाहिजे. आजवरच्या कोणत्याही ग्रंथालयात कातकरी माणसाने स्वतः ठेवलेले पुस्तक जवळजवळ नाही. त्याच्याविषयी इतरांनी लिहिलेली आहेत. छापील पुस्तक काढायला प्रकाशक लागतो, पैसा लागतो, वितरण लागते. पडद्यावरचे पुस्तक करायला एक मोबाइल, मुलांनी काढलेली दहा चित्रे आणि आजीचा आवाज पुरतो. वलगणीचे मासे पहिल्या पावसात ओढ्याने वर कसे चढतात, खेकडा बिळातून कसा काढायचा, भट्टीवर रात्री थंडी कशी काढली, आईने उचल किती घेतली होती, हे मुलांनी सांगावे, आपल्या शब्दांत सांगावे. शिक्षकाने आणि महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याने ते नोंदवावे, देवनागरीत लिहावे, बाजूला मराठी द्यावी. सांगणाऱ्याचे नाव पहिल्या पानावर असावे, आणि त्याच्या संमतीवाचून ते कुठेही जाऊ नये. स्टोरीवीव्हरसारख्या मुक्त व्यासपीठावर ते ठेवण्याची सोय आहे. कोलिब्रीसारख्या व्यवस्थेने एका लहानशा संगणकावर हे सारे साठवून इंटरनेटशिवाय वर्गातल्या पडद्यांवर वाचता येते. आणि वर्षातून एकदा त्याच्या चार छापील प्रती काढून मुलांच्या हाती द्याव्यात, म्हणजे भट्टीवर जाताना त्या बरोबर नेता येतील.

कर्जतजवळ राजमाचीच्या पायथ्याशी कोंढाण्याची बौद्ध लेणी आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीची. तेथे ब्राह्मी लिपीत आणि प्राकृतात, म्हणजे त्या काळच्या लोकभाषेत, एक लहानसा लेख आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, असे तो सांगतो. या तालुक्यातील आज ठाऊक असलेल्या सर्वांत जुन्या अक्षरांत राजाची प्रशस्ती नाही. एका शिकणाऱ्याने आपल्या कामावर आपले आणि गुरूचे नाव कोरले आहे. त्याच डोंगराखालच्या शाळेतील मुलाला आज एवढेही करता येत नाही, ही स्थिती आपण बदलू शकतो.

हे काम शासन करील म्हणून वाट पाहण्याचे कारण नाही. शासनाकडे वीज, यंत्र, शिक्षक आणि भट्टीवरच्या मुलांच्या शिक्षणाची मागणी मात्र सोडायची नाही. पेणच्या आदिवासी विकास प्रकल्पाखालील आश्रमशाळांतून शिकलेली ठाकर आणि कातकरी मुले-मुली आज आमच्या महाविद्यालयांत आहेत. त्यांना दोन्ही भाषा येतात. त्यांच्याइतके या कामाला योग्य दुसरे कुणी नाही. जून ते दिवाळी कुटुंबे वाडीवर असतात. त्या चार-पाच महिन्यांत एका विद्यार्थ्याने आपल्या वाडीतल्या दोन गोष्टी नोंदवल्या तरी पुढच्या वर्षी पहिलीत येणाऱ्या मुलासाठी त्याच्या भाषेतले पहिले शेल्फ तयार होईल. शिक्षक मित्रांनी शाळेचे कपाट उघडावे, पडदा मुलांच्या हाती द्यावा आणि कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत विचारावे, आपल्या शाळेच्या ग्रंथालयात आपल्या वाडीचे पुस्तक कोणते? उत्तर मिळेपर्यंत प्रत्येक ग्रामसभेत हा प्रश्न पुन्हा मांडावा लागेल.